बाई कुणाकडे बघते

१

गोपाळराव दिघ्यांनी जन्मात एकही रहस्यकथा शेवटपर्यंत वाचली नव्हती; मुखपृष्ठं मात्र साडेतीन हजारांच्या वर काढली होती. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. आचाऱ्याने पंगतीला बसलंच पाहिजे असं थोडंच आहे, असं ते म्हणायचे. मुंबईचे प्रकाशक पोस्टकार्डावर एक ओळ खरडून पाठवत, 'बाई, बंगला, सुरा, पिवळा रंग, मंगळवारपर्यंत', आणि मंगळवारी चित्र कर्जतहून रवाना होई. कधी कधी तर कादंबरी लिहून व्हायच्या आधी चित्र छापून तयार असायचं, आणि बिचारा लेखक चित्रातला खून कुठल्या प्रकरणात बसवावा म्हणून डोकं खाजवत बसायचा.

आता पंचाहत्तरीनिमित्त गावातल्या वाचनालयाने त्यांच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन ठरवलं होतं. त्यासाठी नेरळची निवेदिता रोज सकाळी दहाला त्यांच्या दहिवलीच्या घरी येई. चित्रकला शिकवणारी, तिशीची, कामाला वाघ. वरच्या मजल्यावर गोपाळरावांच्या जुन्या स्टुडिओत ती खिडकीकडे तोंड करून बसायची, एकेक मुखपृष्ठ स्कॅनरवर ठेवायची, आणि मागे वेताच्या खुर्चीत बसलेले गोपाळराव साल आणि नाव सांगायचे. अकरा वाजता चहा, एक वाजता डबा. चार दिवस असे सुरळीत गेले.

पाचव्या दिवशी निवेदिता काम करता करता एकदम मागे वळली.

"काय गं?" गोपाळरावांनी विचारलं.

"काही नाही सर. तुम्हीच."

दहा मिनिटांनी ती पुन्हा वळली. मग पुन्हा. दर वेळी गोपाळरावांना बघून तिच्या चेहऱ्यावर आधी दचकल्यासारखं आणि मग ओशाळल्यासारखं काहीतरी येऊन जाई. दुपारी डबा खाताना तिने खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

"मानेला काहीतरी झालंय बहुतेक," ती हसत म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने टेबलच फिरवून घेतलं.

२

त्या साडेतीन हजारांतली चारशेच्या वर चित्रं एकाच बाईची होती. बाजारात तिला 'दिघ्यांची घाबरलेली बाई' म्हणत. गोपाळरावांच्या कामाची रीतच तशी होती. आठवड्याला चार मुखपृष्ठं काढायची तर दर वेळी नवी बाई आणायची कुठून? त्यांच्याकडे एक फोटो होता. त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून चेहरा उतरवून घ्यायचा. कधी कागद उलटा करायचा, म्हणजे डावी बाई उजवी. कधी केस कापायचे, कधी कुंकू लावायचं, कधी गॉगल केसांत खोचायचा. चेहऱ्यावरची भीती तेवढी तशीच ठेवायची. ती एकदम अस्सल होती, आणि तिच्यावर पुस्तकं खपत. बाकीचे चित्रकार डोळे फाडून बायका काढायचे. त्या दात दुखल्यासारख्या दिसत.

"सर, ही कोण?" निवेदिताने विचारलं. "मॉडेल होती का कुणी?"

"छे! कल्पनेतली."

एवढं बोलून ते चष्मा पुसत बसले. खाई त्याला खवखवे. गेली त्रेचाळीस वर्षं हा प्रश्न आला की त्यांचा चष्मा धुरकट व्हायचा.

"पण ही बघते कुणाकडे?" निवेदिता चित्र जवळ धरून म्हणाली. "तुमच्या चित्रात खुनी असतो तो तिच्या बाजूला नाहीतर पाठीशी. ही त्याच्याकडे बघतच नाही. आपल्याकडेही नाही. आपल्या जरासं मागे बघते. म्हणून मी सारखी वळत होते सर, आत्ता कळलं मला."

गोपाळराव मोठ्यांदा हसले. ही सगळी चित्राची युक्ती, असं त्यांनी तिला समजावलं. नजर चौकटीबाहेर गेली की बघणारा अस्वस्थ होतो आणि पुस्तक हातात घेतो. जुना धंदा, जुन्या खुब्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की ही खुबी त्यांनी कधी योजलीच नव्हती. ती फोटोतच होती.

३

उद्घाटन रविवारी होतं; गुरुवारी वाचनालयाच्या सभागृहात चित्रं टांगायला सुरुवात झाली. समोरच्या लांब भिंतीवर फक्त घाबरलेल्या बाईची मोठी केलेली साठ मुखपृष्ठं. गोपाळराव दारात उभे राहून बघत होते.

खिळे ठोकणारा कमलेश सुतार शिडीवरून उतरला, चित्र सरळ आहे का बघायला चार पावलं मागे सरला आणि मागे वळून बघू लागला. सतरंज्या टाकणाऱ्या विमलबाई वळल्या. ग्रंथपाल आले, दोन चित्रं बघून 'वा' म्हणाले आणि वळले. साठ बायका एकाच ठिकाणी बघत होत्या, आणि ते ठिकाण बघणाऱ्याच्या खांद्यापलीकडे होतं. वळणाऱ्या प्रत्येकाची नजर येऊन ठेपायची ती दारातल्या गोपाळरावांवर. मग तो माणूस कसनुसा हसून नमस्कार करायचा.

"काका, यक सांगू?" कमलेश जवळ येऊन हळूच म्हणाला. "राग नका मानू. कोन तरी पाठीशी उभं हाय आसं वाटतं. आन वळून बगावं तर तुमी."

"मग बरंच आहे की रे. मी काही भूत नाही."

"नाय वो, तसं नाय." तो पुन्हा शिडीवर चढला, पण या वेळी भिंतीला पाठ लावून.

गोपाळरावांना मात्र वळून बघायचा धीर झाला नाही. त्यांच्या मागे वाचनालयाचा व्हरांडा होता, चपलांचं फळकूट होतं, आणि भर दुपारचं ऊन होतं. त्यांना हे पक्कं माहीत होतं. तरीही ते मान न वळवता, पाठ दाराच्या चौकटीला घासत बाहेर पडले. शाळकरी पोराने वागावं तसं आपण वागलो याची त्यांना रिक्षात बसल्यावर भयंकर लाज वाटली.

४

घरी येऊन त्यांनी तो फोटो काढला. कडा ट्रेसिंगच्या टाचण्यांनी चाळण झालेल्या. भिंग लावून पाहिलं. फोटो त्यांनीच काढला होता, कॅमेरा त्यांच्या डोळ्याला होता. पण पोरगी कॅमेऱ्यात बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या डाव्या खांद्यावरून मागे गेली होती.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याचा धाकलू दरवर्षी दिघ्यांच्या घरी वर्षाचा तांदूळ घालायचा. तांदूळ आला की त्याची पोर जयवंता चार दिवस निवडायला येई. अठरा वर्षांची, हसरी, बोलताना मान वेळावणारी. गोपाळरावांनी तिला विचारलं, माझ्या चित्रासाठी जरा उभी राहशील का? कसलं चित्र, तिने विचारलं. कॅलेंडरचं, देवीचं, असं त्यांनी सांगितलं. त्या एका थापेवर पुढचं सगळं उभं राहिलं.

ती स्टुडिओत उभी राहिली, पण घाबरेच ना. "काय वो दादा, उगा कशाला भिऊ?" म्हणून खुदुखुदु हसायची. देवीला भ्यायचं कारण काय, हे तिचं म्हणणंही बरोबरच होतं. शेवटी गोपाळरावांनी तिला स्टुडिओमागच्या खोलीतून एक डबा आणायला सांगितलं. ती त्यांची डार्करूम. खिडकी नाही, फटीतून उजेड नाही. ती आत गेली आणि त्यांनी बाहेरून कडी घातली. दहाच मिनिटं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बायको माहेरी होती. ते नाक्यावर चहाला गेले. तिथे कुणीतरी कॅरमला बसवलं. दोन डाव झाले, तिसराही झाला.

दीड तासाने ते जिना चढून आले तेव्हा आतून आवाज येत नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावून त्यांनी एका हाताने कडी काढली, दार ढकललं आणि खटका दाबला. इतकं सुरेख चित्र त्यांना आयुष्यात पुन्हा मिळालं नाही. जाताना ती जिन्यावरून काहीतरी विचारत होती. फिल्म गुंडाळायच्या नादात त्यांनी ऐकलंच नाही. ती अनवाणीच गेली. चपला दोन दिवस अंगणात पडून होत्या.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. चेहरा जयवंताचा, फाटकं पोलकं आणि गळ्यावरचा केसाळ हात ब्रशने काढलेला. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या टपरीवर ते चिमट्याला टांगलं गेलं. खालापूरकडची तिची सोयरीक महिन्याभरात मोडली. मग धाकलू आला. त्याचं मागणं फार नव्हतं. दादांनी एकदा खालापूरला येऊन त्या लोकांना सांगावं, पोरगी साडी नेसून उभी होती, बाकी सगळं रंगाचं काम आहे. द्वारकाबाईंनी नवऱ्याच्या सांगण्यावरून 'घरी नाहीत' म्हटलं. धाकलू ओट्यावर दोन तास बसला. गोपाळराव स्वयंपाकघराच्या दाराआड मूग गिळून उभे होते.

द्वारकाबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसानंतर, चार वर्षांपूर्वी वारेपर्यंत, त्या एकदाही वर स्टुडिओत आल्या नाहीत. आणि गोपाळरावांनी तोच फोटो पुढची सतरा वर्षं वापरला.

५

शुक्रवारी ते रिक्षा करून कोंडाण्याच्या पायथ्याशी गेले. भाताची झोडणी चालली होती. खळ्याच्या कडेला एक साठीची बाई सूप घेऊन पाखडत होती.

"मी गोपाळ दिघे. दहिवलीचा."

"वळखलं," ती म्हणाली. पाखडणं थांबलं नाही. मग तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात थांबला. फार वेळ ती बघत राहिली, ओळखीच्या माणसाकडे बघण्यापेक्षा जरा जास्तच. "लई म्हातारे झाले तुमी," ती शेवटी हळू आवाजात म्हणाली. "सुरभी, पानी दे गं पावन्याला."

नातीने पाणी दिलं. गोपाळरावांनी तांब्या हातातच धरून ठेवला. "जयवंता, मी माफी मागायला आलोय."

"बरं झालं. माजी म्हातारी व्हायच्या आदी आले आसते तर आनखी बरं झालं आसतं." तिने सूप बाजूला ठेवलं. "नवीननं, माज्या लेकानं, मोबाईलवर दावलं मला. वाचनालयात समदीकडं माजंच त्वांड लावलंय म्हनं."

"हो."

"माजा बा दोन तास बसला व्हता तुमच्या वट्यावर. तुमी घरात व्हते. तुमचा खोकला ऐकला त्यानं. घरी येऊन म्हनला, आसंल काय तरी काम, मोठ्या मान्सांना कामं आसत्यात."

गोपाळरावांना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना तिच्याकडे बघवेना. तरीही जे विचारायला ते खरं म्हणजे आले होते ते त्यांनी विचारलंच. "त्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस. कुणाकडे बघत होतीस?"

"मी इचारलं व्हतं की तवाच. जिन्यावरनं. तुमी कुटं ऐकलं?" तिने हातावरचा कोंडा झटकला. "तुमच्या पाठी यक म्हातारा उभा व्हता. मला वाटलं तुमचा बा आसंल, तुमच्यावानीच दिसत व्हता. घरी बाला सांगितलं तर तो म्हनला, दादांचा बा कवाच वारला."

"काय करत होता तो?"

"त्वांड उघडं व्हतं त्याचं. मला काय तरी सांगाया बगत व्हता. मला वाटलं, आता म्हनंल, पोरी, भिऊ नगं, जा घरी. मोटं मानूस हाय, दादाला रागं भरंल. पन नाय बोलला. बगत ऱ्हायला नुसता. अंदाराची मला भीती नव्हती वो, आमी रानातली मान्सं. त्याच्या बगन्याची वाटली. आजून सपनात येतं ते."

झोडणीचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. गोपाळराव म्हणाले, "मी काय करू सांग."

"रविवारी सांगा. समद्यांसमोर. माजं नाव घ्या, माज्या बाचं घ्या. पोरीनं हौसंनं नाय केलं, थाप मारून, कोंडून फोटू काडला म्हनून सांगा. माजी नात तिथं येनार हाय. येवढंच पायजे मला."

"सांगतो."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पुन्हा तशीच बघत होती. "सांगा हां," ती म्हणाली. "तो बी सांगनार आसंच वाटत व्हतं."

६

रविवारी कार्यक्रम पाचला होता. साडेतीन वाजता गोपाळराव इस्त्रीचा सदरा घालून स्टुडिओत वेताच्या खुर्चीत बसले, मांडीवर फळी घेतली, फळीवर कागद, हातात पेन्सिल. खाली निवेदिता हारतुऱ्यांसाठी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. त्यांनी लिहिलं, 'जयवंता धाकलू'. पुढे काय लिहावं ते सुचेना. आडनावसुद्धा आपण कधी विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

मागच्या खोलीच्या दारावर आतून टकटक झाली.

उंदीर, त्यांनी मनाशी म्हटलं. निवेदिताने रिकामी खोकी आत टाकली होती. त्यांतलं एखादं कलंडलं असेल. लाकूड उन्हाने तडकतं.

"दादा, घावला नाय डबा. दार उघडा ना." आवाजात अजून हसू होतं.

गोपाळरावांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. कडी आठ-दहा पावलांवर होती. बाहेरच्या बाजूला होती. जाऊन काढायची, एवढंच. पण म्हाताऱ्या माणसाला असे भास होतात, आज दगदग झाली आहे, दुपारची झोप झाली नाही, अशी कारणं ते मनातल्या मनात देत बसले. कारणं सगळी बरोबर होती. तेवढ्यात आवाजातलं हसू गेलं. मग नुसतं दादा, दादा राहिलं. मग मुठींनी दार बडवणं. मग तेही थांबलं, आणि ते थांबलेलं त्यांना बडवण्याहून असह्य झालं. ते उभे राहिले. फळी एका हातात तशीच होती.

जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या एकदम, तरण्या माणसाची. बारीक चौकडीचा शर्ट घातलेला एक जण त्यांच्या इतक्या जवळून गेला की चहाचा आणि कॅरमच्या पावडरीचा वास आला. त्याने वळून पाहिलं नाही. त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि मानेवर रुळणारे दाट काळे केस. त्याने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि डाव्या हाताने कडी काढली.

दार आत गेलं. त्या खांद्यापलीकडे, अंधारात, ती होती. तिने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने सरळ गोपाळरावांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा आशा आली. ती त्यांनी स्पष्ट पाहिली. चारशे चित्रांत ती कुठेच नव्हती.

पोरी, भिऊ नको, जा घरी. एवढेच शब्द. गोपाळरावांनी तोंड उघडलं.

खिडकीतून आलेलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, चौकटीवर टेकलेली चार बोटं, आणि बोटांच्या सांध्यांवर दारावर बडवून सोललेली कातडी. मान जराशी वर, असं त्यांच्या मनात आलं. अगदी आपोआप, पन्नास वर्षांच्या सवयीने.

तिने मान जराशी वर केली. डोळ्यांतली आशा विझली आणि त्या जागी ते दुसरं आलं, ज्यावर त्यांचं घर चाललं होतं. खटका वाजला.

खोलीत कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि आत निवेदिताची खोकी रचलेली होती.

"सर, रिक्षा आली," खालून निवेदिता ओरडली. "ते कोंडाण्याचे लोकही येऊन बसलेत म्हणे पुढच्या रांगेत. भाषण लिहिलंत ना?"

गोपाळरावांनी हातातल्या फळीकडे पाहिलं. नावाखाली कागदावर सात-आठ रेघा होत्या. गाल, मान, चौकटीवरची चार बोटं. गेल्या आठ वर्षांत ज्या हाताला धड सही जमली नव्हती त्या हाताने त्या ओढल्या होत्या, आणि एकही थरथरलेली नव्हती. त्यांनी कागद दूर धरून पाहिला, मग जरा जवळ घेऊन.

चित्र उत्तम झालं होतं. लाजेने त्यांचे कान तापले, तरी त्यांची नजर चित्रावरून हलेना.